ग्रीक पूर्वजांचा माग: नगरपालिका, पुराभिलेखागार की चर्च?

नातवाच्या बारशाला आमचा कुळवृत्तांत कपाटातून बाहेर निघाला. बापाकडच्या अकरा पिढ्या छापील, आणि आईकडची वेल मात्र पणजोबांपाशी थांबलेली. आमची सून मेलबर्नची, ग्रीक वंशाची. तिचे आजोबा दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीस द्वीपकल्पातल्या आर्केडियाचे, आजी किथिरा बेटाची. दोघं 1950 च्या दशकात बोटीनं ऑस्ट्रेलियात उतरले. या दोन माणसांचा माग काढताना ग्रीसमधली तीन दारं ठोठावली. ज्यांच्या घरी असाच प्रश्न उभा आहे, त्यांनी आधी कुठलं दार गाठावं ते सांगतो.

त्याआधी गाव पक्कं करा. "अथेन्सजवळचे" किंवा "स्पार्टाकडचे" एवढ्यावर काहीच हाती लागत नाही. गावाचं नाव बहुधा स्थलांतराच्या देशातच सापडतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परदेशी नागरिकांची नोंदणी आणि स्थलांतराची कागदपत्रं आहेत. अमेरिकेत गेलेल्यांसाठी 1907 पासूनच्या बोटींच्या याद्या सोन्यासारख्या आहेत, कारण त्यात जन्मगाव आणि मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचा पत्ता लिहावा लागे.

गाव कळलं की दुसरा प्रश्न विचारा: ते ग्रीसमध्ये कधी आलं? पेलोपोनीस पहिल्यापासून. किथिरा, कॉर्फू ही आयोनियन बेटं 1864 ला, थेसलीचा बहुतेक भाग 1881 ला, क्रीट आणि मॅसिडोनिया 1913 ला, रोड्सकडची बेटं दुसऱ्या महायुद्धानंतर. ग्रीक सरकारची दफ्तरं त्या त्या तारखेनंतरचीच असणार, म्हणून माझ्या मते दार निवडण्याचा खरा निकष हाच आहे.

नगरपालिका. शोध गेल्या शंभर वर्षांतला असेल तर इथूनच सुरुवात करा. इथल्या कुटुंबनोंदवहीला दिमोतोलोयिओ म्हणतात. एका पानावर अख्खं कुटुंब असतं: नवरा, बायको, दोघांच्या आईवडिलांची नावं, मुलं. बायकांची नावं मिळतात, हा तिचा मोठा गुण. उणीव अशी की या वह्या 1950 च्या दशकात नव्यानं तयार झाल्या, त्यामुळे आधीच वारलेली किंवा परदेशी गेलेली माणसं त्यात नसण्याची शक्यता असते. तिथे पुरुषांची नोंदवही, म्हणजे मित्रोओ आरेनोन, कामी येते. सैन्यभरतीसाठी ठेवलेली ही वही 19व्या शतकात मागे जाते. मुलगा, बापाचं नाव, जन्मवर्ष, एवढंच त्यात असतं. बहिणी नाहीत, आया नाहीत. जन्मवर्ष दोन-तीन वर्षांनी इकडेतिकडे निघालं तर दचकू नका.

पत्र ग्रीकमध्येच लिहा. आमचं इंग्रजी पत्र एका कार्यालयात पाच महिने पडून राहिलं. तोच मजकूर ग्रीकमध्ये गेल्यावर तीन आठवड्यांत उत्तर आलं. शिवाय 2011 मध्ये हजाराहून अधिक नगरपालिका एकत्र करून 325 करण्यात आल्या, तेव्हा गावाचं दफ्तर आज कुठल्या शहरात आहे हे आधी बघून घ्या.

पुराभिलेखागार. ग्रीसचं सरकारी पुराभिलेखागार 1914 चं, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्याच्या शाखा आहेत. पुरुषांच्या नोंदवह्यांच्या प्रती आणि 19व्या शतकातल्या मतदार याद्या इथे मिळतात, बऱ्याचशा आता ऑनलाइनही. मतदार यादीत नाव, बापाचं नाव, वय आणि धंदा असतो. नगरपालिकेतून तीन पिढ्या मिळाल्यावर इथे यावं. आधी आलात तर एकाच नावाच्या दहा माणसांत हरवाल.

अर्थात इथे मराठी माणसाचं डोकं पटकन चालतं. ग्रीक कागदांतही आपल्यासारखं मधे बापाचं नाव येतं, आणि पहिल्या मुलाला बापाकडच्या आजोबांचं नाव ठेवायची रीत आहे. म्हणून एका आजोबांच्या चार मुलांनी आपापल्या थोरल्याला तेच नाव दिलेलं असतं. चौघंही योर्गोस, आडनाव एकच. वेगळे ओळखायचे ते बापाच्या नावावरून. दुसरी बाजू अशी की नातवाच्या नावावरून आजोबांच्या नावाचा अंदाज बांधता येतो. आर्केडियाच्या यादीत आम्ही असाच नेमका माणूस पकडला: धंदा, मेंढपाळ.

चर्च. सगळ्यांना आधी इथेच जावंसं वाटतं, आणि मुख्य भूमीवर बहुतेकदा निराशा होते. ऑटोमन, म्हणजे तुर्की राजवटीच्या काळात गावच्या चर्चमध्ये जन्म-मृत्यूच्या पद्धतशीर वह्या क्वचितच ठेवल्या जात. लग्नाची परवानगी बिशपकडून घ्यावी लागे, म्हणून त्याचे कागद बिशपच्या दफ्तरात शोधावेत.

आयोनियन बेटांचं मात्र उलट. तिथे 1797 पर्यंत व्हेनिसचं राज्य होतं आणि चर्चच्या वह्या काटेकोर ठेवल्या गेल्या. या बेटांवर पहिलं दार चर्चच्या वह्यांचंच. अपवाद झाकिंथोसचा: 1953 च्या भूकंपानंतरच्या आगीत तिथलं दफ्तर जवळपास सगळं जळालं. एका बेटाचा शेकडो वर्षांचा लेखाजोखा काही दिवसांत गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

पूर्वज आशिया मायनरचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले असतील, 1923 च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या-अदलाबदलीत आलेल्या बारा लाखांच्या आसपास लोकांपैकी, तर मूळ गावच्या नोंदी मिळणं फार अवघड. ग्रीसमध्ये ते जिथे वसले तिथल्या नगरपालिकेत सुरुवात करा, आणि गावाच्या आठवणींसाठी अथेन्समधलं आशिया मायनर अभ्यास केंद्र बघा; निर्वासितांच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती तिथे जपून ठेवल्या आहेत.

तारखांचं एक ध्यानात ठेवा. ग्रीसनं 1923 मध्ये दिनदर्शिका बदलली, 15 फेब्रुवारीनंतर थेट 1 मार्च आला. त्याआधीची ग्रीक तारीख आणि बोटीच्या कागदावरची तारीख यांत बारा-तेरा दिवसांचा फरक दिसला तर माणूस चुकला असं समजू नका.

आमच्या सुनेच्या आजोबांची बाजू त्या मेंढपाळापाशी थांबली आहे. आजीची बाजू किथिराच्या वह्यांमधून 18व्या शतकात पोचली, आणि तिथे बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाच्या आईचंही नाव आहे. ते नाव नातवाच्या पानावर लिहून ठेवलंय.