बॉम्बरमॅन (१९८५): आपणच पेरलेल्या सुरुंगांतून वाट काढताना

फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जपानी गेम-यंत्रावरच्या पहिल्या बॉम्बरमॅनमध्ये आपल्यावर कोणीच गोळी झाडत नाही. शत्रू आहेत, पण त्यांच्याकडे ना बंदूक ना दगड. ते नुसते हिंडत असतात आणि अंगाला लागले की आपण मरतो, एवढंच. अख्ख्या गेममध्ये हत्यार एकच, बॉम्ब, आणि ते आपल्याकडे. तरीही नवा माणूस पहिल्या तासाभरात मरतो तो बहुतेक वेळा स्वतःच्याच बॉम्बने. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्याची इतकी नेटकी सोय दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मला सापडलेली नाही. चाळिशी उलटली तरी त्या काळच्या गेमांपैकी हाच पुन्हा पुन्हा लावावासा वाटतो, त्याचं कारण हेच.

साप्पोरोच्या हडसन सॉफ्टने हा गेम आधी १९८३ मध्ये घरगुती कॉम्प्युटरसाठी काढला होता. फॅमिकॉमची आवृत्ती डिसेंबर १९८५ मध्ये जपानात आली, अमेरिकेत पोहोचायला १९८९ उजाडलं. आमच्या घरी तो यातल्या कुठल्याच अधिकृत वाटेने आला नाही. नव्वदच्या दशकात दादाने लॅमिंग्टन रोडवरून एक नकली फॅमिकॉम आणला, त्याच्यासोबत ती प्रसिद्ध पिवळी कॅसेट. वर आकडा हजारांतला, आत मोजून वीस-पंचवीस गेम, तेच तेच वेगळ्या नावांनी. दादा आणि त्याचे मित्र काँट्रावर तुटून पडलेले असायचे. त्यांची भूक भागली की मग रिमोट माझ्या हाती यायचा (जॉयस्टिकला आम्ही रिमोटच म्हणायचो), आणि मी बॉम्बरमॅन लावायची.

आता मी साताऱ्यात गणिताचे क्लास घेते, आणि सुट्टीत भाचा आला की तसलंच एक स्वस्तातलं टीव्हीला जोडायचं यंत्र बाहेर निघतं. त्यामुळे हे परीक्षण थोडं गणिताच्या बाईंचं आहे, चालवून घ्या.

मैदान बघा. बाहेरच्या भिंती धरून ३१ आडवे आणि १३ उभे चौकोन. भिंती वगळल्या तर २९ गुणिले ११, म्हणजे ३१९. त्यात एकाआड एक असे ७० पक्के खांब, जे कशानेही फुटत नाहीत. उरले २४९ चौकोन. यातल्या ९० ठिकाणी गल्ल्या एकमेकींना मिळतात: ५२ ठिकाणी पुरा चौक, म्हणजे चारही बाजूंना वाट, आणि भिंतीलगतच्या ३८ ठिकाणी दोन किंवा तीनच. २४९ पैकी उरलेल्या १५९ ठिकाणी दोन खांबांमधली किंवा खांब आणि भिंत यांमधली गल्ली. बॉम्बची आग अधिकच्या चिन्हासारखी चार दिशांना जाते, पण खांबाला अडते. म्हणजे चौकात ठेवलेला बॉम्ब चारी बाजूंना भाजतो आणि दोन खांबांमधल्या गल्लीत ठेवलेला फक्त दोन. आग कधीच वळत नाही, त्यामुळे एक कोपरा ओलांडला की तुम्ही सुखरूप. एवढं समजलं की अर्धा गेम समजला. उरलेला अर्धा म्हणजे मोकळ्या गल्ल्यांमध्ये भरलेल्या विटा. त्यांची मांडणी दर वेळी नवी असते. मेलात की तीच स्टेज पुन्हा येते, पण विटा हललेल्या असतात.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या काळचे बरेचसे गेम पाठांतराचे होते. तिसऱ्या फळीनंतर उडी, मग खाली वाक, मग गोळी. मुलं ते पाढ्यांसारखं घोकून पार करायची. बॉम्बरमॅनमध्ये घोकून काही मिळत नाही. कोणत्या स्टेजमध्ये कोणते शत्रू हे ठरलेलं असतं, बाकी प्रत्येक वेळी उदाहरण नवं. रीत आली तरच सुटतं.

सुरुवातीला तुम्ही अगदी कंगाल असता. एका वेळी एकच बॉम्ब, त्याची आग एकच चौकोन लांब, आणि चाल तर अशी की बघणारा वैतागतो. डावीकडे वरच्या कोपऱ्यात उभे असता, समोर सहा केशरी फुगे इकडून तिकडे तरंगत असतात. फुगे निर्बुद्ध आहेत, त्यांना घाबरायचं कारण नाही. प्रत्येक स्टेजमध्ये कुठल्या तरी एका विटेखाली एक बक्षीस आणि दुसऱ्या एखाद्या विटेखाली बाहेर जायचं दार. सगळे शत्रू संपवा, दार शोधा, पुढे जा. वेळ २००, घड्याळाच्या सेकंदांइतकाच म्हणा.

शत्रू आठ जातींचे. कॅसेटबरोबर माहितीपुस्तिका वगैरे काही नव्हती, त्यामुळे नावं आमची आम्हीच ठेवली. फुगा, मग निळा कांदा, पुढे भूत, वाघोबा, नाणं. गेम काढणाऱ्यांनी त्यांना व्हाल्कोम, ओनील, डाल, मिन्व्हो अशी नावं दिली आहेत हे मला खूप उशिरा कळलं. कळून फरक पडला नाही, आमच्या घरी कांदा तो कांदाच राहिला. कांदा दुसऱ्या स्टेजला येतो आणि तिथेच मुलांची पहिली गाळणी होते, कारण तो फुग्यासारखा भरकटत नाही, जवळ गेलात की मागे लागतो.

पण माझ्या मते सगळ्यात हुशारीने बनवलेला शत्रू म्हणजे डोरिया, तो निळसर गोळा. गेममधला सगळ्यात संथ हाच. नुसतं बघितलं तर कीव यावी. पण तो विटांतून आरपार येतो आणि तुमचा माग सोडत नाही. तुम्ही विटांच्या आड बॉम्ब ठेवून, कोपऱ्यात उभं राहून, तो फुटायची वाट बघत असता आणि हा शेजारच्या विटेतून हळूच डोकं काढतो. एका बाजूला स्वतःचा बॉम्ब, दुसऱ्या बाजूला डोरिया, आणि आपण ठेवलेल्या बॉम्बवरून तर आपल्यालाही जाता येत नाही. त्या दोन सेकंदांत करण्यासारखं काहीच नसतं. भाचा अशा वेळी मोठ्याने म्हणतो, "मावशी, मी आता नुसता बघतोय."

बक्षिसांमध्ये खरी गंमत रिमोट डेटोनेटरची. तो तिसऱ्या स्टेजलाच मिळतो. मग बॉम्ब आपोआप फुटायचे थांबतात, बी दाबलं की फुटतात, आधी ठेवलेला आधी. इथून गेम एकदम दुसराच होतो. आतापर्यंत पळत होतात, आता सापळे लावता. गल्लीच्या तोंडाशी बॉम्ब ठेवून वाट बघायची, कांदा आत शिरला की मागून दुसरा बॉम्ब ठेवून कोंडायचा, आणि मग निवांत बटण. शत्रूंनाही बॉम्ब ओलांडता येत नाही, हे एकदा ध्यानात आलं की बॉम्बचा उपयोग फोडण्यापेक्षा अडवण्यासाठी जास्त होतो.

आणि मग तुम्ही मरता. मेलात की डेटोनेटर गेला. विटांतून चालायची शक्ती, बॉम्बवरून चालायची शक्ती, पुढे उशिरा मिळणारी आगीपासूनची अभयता, सगळं गेलं. बॉम्बची संख्या आणि आगीची लांबी मात्र राहते. आता विचार करा, आग चार-पाच चौकोन लांब, हातात भरपूर बॉम्ब, आणि ते पुन्हा स्वतःच्या मर्जीने फुटणारे. मिळवलेली ताकदच अंगावर उलटते. मघाशी कोपरा ओलांडून सुटत होतात, आता एका बॉम्बची आग दुसऱ्याला लागते, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि तुम्ही कुठल्या कोपऱ्यात उभे होतात याला अर्थ राहत नाही. हा दंड कडक आहे. पहिल्या वीसेक स्टेजपर्यंत तो मला रास्तही वाटतो, कारण पुढे कुठेतरी डेटोनेटर पुन्हा मिळतो आणि तोवर सांभाळून खेळता येतं. त्यानंतर मात्र एक मरण म्हणजे पुढच्या चार मरणांची नांदी असते. वाघोबा, म्हणजे पास, वेगातही पुढे आणि अकलेतही पुढे. आपोआप फुटणाऱ्या बॉम्बने त्याला गाठायचं म्हणजे निम्मं कसब, निम्मं नशीब.

नशिबाचा भाग मला खटकतो, तो स्पष्टच सांगते. मैदान स्क्रीनच्या जवळपास दुप्पट रुंद आहे, त्यामुळे पलीकडच्या टोकाला काय चाललंय दिसत नाही. शेवटचा शत्रू तिकडे विटांच्या कोंडाळ्यात अडकून बसलेला, दार कुठल्याही विटेखाली असू शकतं, आणि वेळ पळतोय. २०० संपले की नाणी सुटतात. पोन्टान. हे फार वेगवान, विटांतूनही येतात, आणि घोळक्याने येतात. त्यातून जिवंत निघता येतं, मी निघालेही आहे, पण त्याला खेळणं म्हणायचं की काय, शंका आहे. त्यात आणखी एक खोच: दार उघडं पडल्यावर चुकून त्याला आग लागली, तर त्यातूनही शत्रूंची नवी टोळी बाहेर पडते. बक्षिसाला आग लागली तरी तेच. म्हणजे वीट फुटून हवी ती वस्तू दिसली, की लगेच हात आवरायचा. पाचसहा बॉम्ब एका ओळीत लावणाऱ्या उतावळ्या माणसाला हा गेम इथे पकडतो, आणि बरं करतो.

नकली यंत्रांवर खेळणाऱ्यांसाठी यातच एक सूचना. त्या रिमोटवर ए आणि बीच्या वर टर्बोची आणखी दोन बटणं असतात, दाबून धरली की धडाधड चालणारी. नेमबाजीच्या गेमला ठीक. इथे टर्बो ए धरून चालायला लागलात तर मागे बॉम्बांची रांग लागते आणि परतीची वाट तुमची तुम्हीच बुजवता. मी तर त्या बटणांवर चिकटपट्टी लावली आहे.

स्टेज एकूण ५०, आणि देखावा सगळीकडे तोच: हिरवी जमीन, करडे खांब. दर पाच स्टेजनंतर एक बोनस फेरी येते, विटा नाहीत, मरण नाही, नुसते शत्रू उडवायचे. मुलांना आवडते, मला तो चहाच्या सुट्टीइतकाच विरंगुळा. पंधरा ते तीस या पट्ट्यात तोचतोचपणा नक्की जाणवतो, आणि तो झाकायला गेमकडे संगीताशिवाय काही नाही. जुन चिकुमा यांची धून छोटी आहे, सारखी फिरत राहते, तरी डोकं उठत नाही. बक्षीस उचललं की ती बदलते, आणि त्या नव्या चालीवर आपलीही चाल आपोआप तरतरीत होते.

गेम सेव्ह करायची सोय नाही. भाच्याला हे पटवून द्यायलाच अर्धी दुपार गेली. गेम संपला की २० अक्षरांचा पासवर्ड येतो, तो वहीत उतरवायचा आणि पुढच्या वेळी एकेक अक्षर भरायचं. ए पासून पी पर्यंतची सोळाच अक्षरं वापरली आहेत, पण जुन्या टीव्हीच्या मुंग्यांमध्ये सी की जी, ओ की डी, हे ठरवता ठरवता डोळ्यांना पाणी यायचं. आताच्या सपाट टीव्हीवर अक्षरं स्वच्छ दिसतात, तेवढी प्रगती मान्य.

गोष्ट सांगते, कारण शेवट फारच गोड आहे, आणि चाळीस वर्षांनंतर रहस्यभंगाचा दोष कोणी देणार नाही. बॉम्बरमॅन हा जमिनीखाली बॉम्ब बनवायला जुंपलेला यंत्रमानव. जमिनीवर पोहोचणारा यंत्रमानव माणूस होतो अशी कुणकुण त्याला लागते आणि तो निघतो. पन्नासावी स्टेज पार केली की तो खरोखर माणूस होतो, आणि पडद्यावर येतं, हा हडसनच्या दुसऱ्या एका गेममध्ये तुम्हाला ओळखता येईल कदाचित. तो गेम म्हणजे लोड रनर. मूळ गेम अमेरिकेतल्या डग्लस स्मिथचा, १९८३ चा; हडसनने १९८४ मध्ये तो फॅमिकॉमवर आणला, आणि त्यात आपल्या मागे लागणारे जे यंत्रमानव होते त्यांचंच रूप पुढे बॉम्बरमॅनला मिळालं. आमच्या पिवळ्या कॅसेटवर लोड रनर बॉम्बरमॅनच्या दोन ओळी वर होता. दादा त्यात ज्यांना खड्ड्यात पुरायचा, मी त्यांच्यातल्याच एकाला माणूस करायला निघाले होते.

घ्यावा का? एकट्याने, एका बैठकीत पाचसात स्टेज, असा खेळणार असाल तर जरूर. अधिकृत प्रत हवी असेल तर २००४ मध्ये गेमबॉय अ‍ॅडव्हान्ससाठी हीच आवृत्ती पुन्हा निघाली होती, जुन्या बाजारात शोधावी लागेल. हडसन २०१२ मध्ये कोनामीत विलीन झाली, त्यामुळे नंतरचे बॉम्बरमॅन कोनामीच्या नावाने शोधा. मात्र घरात दोन मुलं असतील आणि दोघांनी एकमेकांना उडवायचं असेल, तर हा घेऊ नका. बॉम्बरमॅन म्हटलं की लोकांना जी एकत्र बसून केलेली मारामारी आठवते, ती यात नाहीच. ती १९९० च्या, पीसी इंजिन या दुसऱ्या गेम-यंत्रावरच्या बॉम्बरमॅनमध्ये आली, तिथे पाच जण एकत्र खेळतात. फॅमिकॉमवरच हवी असेल तर १९९१ चा बॉम्बरमॅन टू बघा.