जुनं ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन ‘रिस्टोअर’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. माझे २५,५५० रुपये गेले

टेम्पोचे १,५००. ॲडव्हान्स ४,०००. बेअरिंग आणि ऑइल सीलचे ३,८५०. ड्रमच्या मागच्या स्पायडरचे, म्हणजे ड्रम पेलणाऱ्या धातूच्या आधाराचे, ५,२००. टायमरचे ७,४००. पावडर कोटिंगचे ३,६००. एकूण २५,५५० रुपये, सगळे यूपीआयने, सगळ्यांचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत. सांगताना लाज वाटते, पण आकडा लपवला की या लोकांचंच फावतं.

मशीन फ्रंट लोडिंग, ऑटोमॅटिक, १९९८ सालचं. पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात आली तेव्हा आईने घेतलेलं. आता लगेच म्हणू नका की एवढ्या पैशात नवीन आलं असतं. मला नवीन नको होतं. आतला ड्रम स्टीलचा, पत्रा जाड, टायमर खटखट वाजत पुढे सरकणारा, इलेक्ट्रॉनिक कार्ड जळण्याची भानगडच नाही. बिघाडही साधा होता: स्पिनला घरघर आणि मागच्या बाजूने पाण्याचा तपकिरी ओघळ. बेअरिंग गेलंय आणि सील गळतंय, हे जुनं मशीन वापरणारा कोणीही सांगेल. कंपनीच्या सेंटरने मात्र मशीन बघायलाही नकार दिला. मॉडेल बंद, पार्ट बंद, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. मग माणूस दुसरीकडे जाणारच ना?

हा ‘रिस्टोअर’ करून देणारा सापडला व्हिडिओंमधून. गंजलेली मशीनं, मग तीच चकाचक. फोनवर बोलला तेही जाणकारासारखं. सस्पेन्शन स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर, प्रेशर स्विच, गॅस्केट, सगळी नावं तोंडपाठ. घरी आला, मागचं झाकण उघडलं, ओघळ बघून म्हणाला, “ताई, सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये गेलंय.” निदान बरोबर होतं. म्हणूनच विश्वास बसला. भामटा चुकीचं बोलेल अशी आपली समजूत असते. हा पहिलं वाक्य अगदी खरं बोलतो आणि मग त्या वाक्यावर तुमच्याकडून वसूल करत राहतो.

मशीन त्याच्या वर्कशॉपला गेलं आणि पुढे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. दर थोड्या दिवसांनी नवीन फोटो, नवीन बिघाड, नवीन रक्कम. ‘खोलल्यावर कळलं ताई.’ स्पायडरला तडे गेलेत म्हणाला. तेही अशक्य नव्हतं, कारण ॲल्युमिनियमचा स्पायडर स्टीलच्या ड्रमला जोडलेला असतो आणि साबणाच्या पाण्यात कायम भिजून तो खाल्ला जातो. टायमर जळालाय म्हणाला. इथे मी भांडले. मशीन जाईपर्यंत टायमर व्यवस्थित चालत होता. त्याचं उत्तर: “नेताना धक्का बसला असेल, पण माझ्याकडे एक मूळ पीस आहे, दुसरं गिऱ्हाईक मागतंय.” मशीन त्याच्याकडे उघडं पडलेलं, अर्ध्याहून जास्त पैसे गेलेले. नाही म्हटलं असतं तर सुट्या भागांचं पोतं परत आलं असतं. जे लोक आता मला शहाणपण शिकवतात त्यांनी त्या जागी उभं राहून बघावं.

आणि आता ती गोष्ट, जिने माझी झोप उडवली आहे. मी आधीच बजावलं होतं की काढलेले जुने पार्ट परत हवेत. त्याने मशीनबरोबर एक पिशवी दिली. त्यात ग्रीसने माखलेलं बेअरिंग. मी ते फडक्याने पुसलं. कडेवर नंबर कोरलेला होता, ६२०४. बिलावर लिहिलं होतं ६२०५ आणि ६२०६. मी विचारलंसुद्धा! तो हसून म्हणाला, “जुन्या काळी नंबर वेगळे असायचे ताई.”

हे धादांत खोटं आहे. बेअरिंगचे नंबर जगभर एकच असतात, काल, आज आणि तीस वर्षांपूर्वीही. ६२ च्या मालिकेत ०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो: ०४ म्हणजे २० मिलिमीटर, ०५ म्हणजे २५, ०६ म्हणजे ३०. वीस मिलिमीटरचं बेअरिंग पंचवीस किंवा तीसच्या शाफ्टवर बसणारच नाही. म्हणजे ते माझ्या मशीनचं नव्हतंच, कुठल्या तरी भंगारातून उचललेलं होतं. पुरावा माझ्या हातात होता, त्यावर नंबर कोरलेला होता, आणि दारात टेम्पोवाला घाई करत होता. शेवटचे ३,६०० मी त्यानंतर पाठवले. हा गुणाकार मला तेव्हा कोणी सांगितला असता तर! आता मी सांगते आहे, लिहून ठेवा.

दुसरी खूण तो स्वतःच देऊन गेला. “जुनं मशीन आहे, गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावू नका, थंडच वापरा.” काळजीने सांगतोय असं वाटलं. थोड्याच दिवसांत घरघर परत सुरू झाली, तेव्हा ओळखीच्या एका निवृत्त फिटर काकांनी मशीन उघडलं. हीटर नव्हता. हीटरच्या जागी रबराचं बूच ठोकलेलं आणि हीटरच्या वायरी टेप गुंडाळून आत लोंबत सोडलेल्या. या पद्धतीच्या जुन्या टायमरमध्ये पाणी ठरलेलं तापेपर्यंत टायमर पुढे सरकत नाही. गरमचा प्रोग्रॅम लावला असता तर मशीन तिथेच अडकलं असतं आणि चोरी उघडी पडली असती. आणि त्याच वेळी त्या टेप लावलेल्या टोकांवर २३० व्होल्ट आले असते, पाण्याने भरलेल्या टबाच्या अगदी शेजारी. घरात आई एकटी असते. पैशांपेक्षा याचा मला जास्त संताप आहे.

बाकी यादी अशी: बेअरिंग जुनीच, वरून ग्रीसचा स्प्रे मारलेली. स्पायडरच्या तड्यात पुटी भरून वर चंदेरी रंग. मोटर बदललेली, पूर्वी काढलेल्या फोटोत प्लेटवरचा नंबर वेगळा आहे. टायमर कुठल्या तरी दुसऱ्या मशीनचा, नॉब सैल. फक्त रंग खरा होता. आमच्या मशीनचे चांगले भाग आता ‘मूळ पीस’ म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारले जात असतील, बहुधा मला सांगितलेल्या त्याच वाक्यासह.

तुमचं मशीन कुठेही देण्याआधी मोटरची प्लेट, टायमर, पंप, हीटरची टोकं आणि मागची पुली यांचे जवळून फोटो काढा आणि भागांवर न पुसणाऱ्या शाईने खूण करा. परत आल्यावर प्लग काढून मल्टिमीटरने हीटर तपासा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २,००० वॉटच्या हीटरला साधारण २६ ओहम दाखवायला हवेत. काहीच दाखवलं नाही तर हीटर तुटलाय किंवा नाहीच. टोक आणि मशीनचा पत्रा यांच्यात मात्र जोड दिसता कामा नये.

पोलीस ठाण्यात गेले. पहिला प्रश्न, “मशीन परत मिळालं ना? फिरतं ना? मग फसवणूक कसली?” दुसरा, “भंगारावर पंचवीस हजार कोणी घालवायला सांगितले?” बेअरिंग टेबलावर ठेवून नंबर दाखवला, तर साहेब म्हणाले हा दिवाणी मामला आहे. मोटर चोरली म्हटलं, तर तीच मोटर होती याचा पुरावा द्या. फोटो दिला, तर फोटो जुना आहे. अहो, चोरीच्या आधीचा फोटो जुनाच असणार! उघड्या वायरींचं सांगितलं, तर “कुणाला शॉक लागला का?” मग वर्कशॉप आमच्या हद्दीत येत नाही म्हणाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यायची तरतूद आहे, हे मी म्हणाले, तर तुम्ही वकील आहात का, असं विचारलं. शेवटी साधा अर्ज घेतला. पोच मागितल्यावर शिक्का सापडेना.

यूपीआयवर नाव त्याचं नव्हतंच, भलत्याच कुणाचं होतं. बँक म्हणते खातेदाराची माहिती हवी तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात आधी बँकेकडून माहिती आणा. सायबरच्या हेल्पलाइनवर ऐकवलं की पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, त्यामुळे हा सायबर गुन्हा नाही. चहूकडून टोलवलं जात असताना तो माणूस रोज नवीन व्हिडिओ टाकत होता.

बिलावर जीएसटी नंबर होता, तो तपासायला दोन मिनिटं लागतात: पंधरा अक्षरं, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. माझ्या बिलावर सुरुवात २४ ने होती, म्हणजे गुजरात, आणि पत्ता आमच्याच जिल्ह्यातला. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की कोणाच्या नावावर आहे तेही दिसतं. स्कॅन केल्यावर वेगळं नाव आलं की पैसे पाठवू नका, ‘भावाचं खातं आहे’ हे ऐकूनही नाही. एक भाग, एक रक्कम, आणि तो भाग बसवताना तुम्ही समोर. हे त्याला मान्य नसेल तर मशीन हलू देऊ नका.

जिल्हा ग्राहक आयोगात मात्र तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची. बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस ‘असा इसम राहत नाही’ म्हणून परत आली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आयोगाला कागदपत्रं मागवण्याचे अधिकार दिले आहेत. त्याचा आधार घेऊन बँकेकडून खातेदाराचं नाव-पत्ता मागवावा, असा अर्ज मी केला आहे. बेअरिंग, बिल, दोन्ही मोटरांचे फोटो आणि फिटर काकांचं सही केलेलं निवेदन सोबत जोडलं आहे. पुढच्या तारखेला बेअरिंग मी स्वतः घेऊन जाणार आहे.