फ्रेम झकास, पण बिल्ला कशाला घासला?

खापरपणजोबांचा पितळी बिल्ला जळगावात फ्रेम करायला दिला होता. ते धरणगावच्या भिल्ल पलटणीत शिपाई, म्हणजे १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज साहेबाने उभी केली ती खानदेश भिल्ल कोअर. हा साहेब एकटा डोंगरात जायचा, भिल्लांबरोबर वाघाच्या शिकारी करायचा, आणि मग त्यांनाच भरती करून घ्यायचा. ज्यांना दरोडेखोर म्हणत, त्यांच्याच हाती मुलखाची राखण!

दुकानाचं नाव लिहीत नाही. माणूस वाईट नाही. सागाची चौकट, आत हिरवं मखमल, काच स्वच्छ, ८५० रुपये. कोपऱ्यांचे सांधे नखालाही लागत नाहीत. चार दिवसांचे अकरा झाले, तेही सोडा.

पण बिल्ला! चिंच लावून घासून लख्ख केलेला. कडेला पट्टा घासून पडलेली काळपट रेघ होती, आजी त्यावरून बोट फिरवायची. ती गेली. "भाऊ, चमकावून दिला ना!" म्हणे.

वर विचारलं, "म्हणजे इंग्रजांकडून होते का?" काय सांगणार? १८५७ ला सातपुड्यात इंग्रजांविरुद्ध उठलेला भिल्लांचा पुढारी खाज्या नाईकसुद्धा आधी सेंधव्याच्या घाटाची सरकारी राखणच करत होता. पोटासाठी नोकरी धरणारे दोन्हीकडे आमचेच.

तीन तारे. फोटो असेल तर बिनधास्त द्या. जुनं पितळ द्यायचं तर "घासू नका" हे चिठ्ठीवर लिहून, त्याची सही घेऊन द्या.