माणसांच्या शंकरपटातील रोडग्यांचा स्टॉल

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावात कपाशीची वेचणी आटोपत आली की मोतीबिंदूच्या रुग्णांच्या मदतीसाठी माणसांचा शंकरपट, म्हणजे बैलांऐवजी माणसांनी छकडा (हलकी गाडी) ओढण्याची शर्यत, भरतो. बैलांच्या खऱ्या पटावर २०१४ मध्ये न्यायालयाची बंदी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती अटींसह उठली. आमच्या पटात मात्र जू माणसांच्याच खांद्यावर असते, त्यामुळे परवानगीचा प्रश्न येत नाही. यंदा भजनी मंडळ आणि महिला बचत गटांच्या जोडीला तालुक्याच्या चर्चमधील स्वयंसेवकांचा गट प्रथमच उतरला. पटात त्यांचा निभाव लागला नाही, कारण छकडा अडताच त्यांचा धुरकरी (गाडी हाकणारा) खाली उतरून मागून ढकलू लागला आणि पंचांनी त्यांना हसत हसत बाद केले. जेवणाचा स्टॉल आणि सायंकाळचा लिलाव मात्र त्यांनी उत्तम सांभाळला.

ऐंशी रुपयांच्या ताटात दोन रोडगे, वांग्याची भाजी, तुरीचे वरण आणि चमचाभर तूप होते. रोडगा हा घाईचा पदार्थ नव्हे. जाडसर दळलेल्या कणकेच्या पाऱ्या तेलाचा हात लावून एकात एक गुंडाळाव्या लागतात, आणि गोवऱ्यांच्या आरावर सर्व बाजूंनी शेकल्यावर तो गरम राखेत दडपून ठेवावा लागतो; नाहीतर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. येथे वाढणाऱ्या बाई प्रत्येक रोडगा फडक्याने झटकून, तळहातावर दाबून फोडत होत्या आणि आतले पापुद्रे सुटल्याची खात्री झाल्यावरच त्यावर तूप सोडत होत्या. भाजीची तर्री झणझणीत असूनही वांग्याची चव मेली नव्हती. वरण मात्र पातळ होते, आणि गर्दी वाढली तसे ते आणखी पातळ होत गेले.

लिलावाची कला या मंडळींना मुळातच अवगत असावी, कारण चर्चमधील हंगामाच्या उपकारस्तुतीत, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या उपासनेत, शेतमालाचा असाच लिलाव होतो. एक कोहळे बोलीला निघाले, ते घेणाऱ्या काकांनी पैसे मोजून तिथेच परत दिले, पुन्हा बोली लागली आणि पुन्हा ते परत आले. तिसऱ्या वेळी बोली लावणारा तरुण म्हणाला, "काका, आता हे घरी न्या, नाहीतर ते स्वतःच बोली लावेल." कोणाला भरीस न पाडता, कमी बोली लावणाऱ्याचाही मान राखून त्याने ज्या सहजतेने रक्कम वाढवत नेली, ते आमच्या मंडळांनी शिकून घ्यावे असे आहे. धर्माविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. जमा रकमेचा आकडा मात्र प्रत्येक बोलीनंतर शाळेच्या फळ्यावर लिहिला जात होता.

त्या आकड्याला महत्त्व आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शासकीय कार्यक्रमातून मोफत होऊ शकते. परंतु सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयापर्यंतचे भाडे, सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी आणि तपासणीसाठीचे पुढचे हेलपाटे यांपायी अनेक वृद्ध वर्षानुवर्षे धूसर नजरेनेच वावरतात. हा निधी त्याच खर्चासाठी आहे.

एक उणीव मात्र गंभीर आहे. कुपनासाठी एकच टेबल असल्याने रांग पटाच्या धावपट्टीपर्यंत गेली, आणि वेचणीहून उशिरा परतलेल्या मजूर बायांच्या वाट्याला फक्त वरण-भात आला. अर्धे पैसे न मागता परत मिळाले, हे खरे; पण ज्यांच्या घरचे म्हातारे या निधीचे खरे हक्कदार, त्यांच्यासाठी चार टोपल्या रोडगे आधीच बाजूला काढून ठेवायला हवे होते. घरी जेवण न्यायचे असल्यास डबा सोबत आणावा, कारण स्टॉलवर बांधून देण्याची सोय नव्हती.