६०-४० वाले बोन ग्राफ्ट ग्रॅन्युल्स: वापरणाऱ्याचा रिव्ह्यू

हाडातली पोकळी भरायला कॅल्शियम फॉस्फेट सिरॅमिकचे जे पांढरे दाणे मिळतात ना, त्यातले ६०-४० वाले, म्हणजे ६० टक्के हायड्रॉक्सीअ‍ॅपॅटाइट आणि ४० टक्के बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (सगळे एचए आणि टीसीपीच म्हणतात, मी पण तेच लिहितो), हे मी ऑपरेशनमध्ये नेहमी वापरतो. यावर एकदा नीट लिहायचंच होतं, कारण याबद्दल एकतर भलतेच मोठे दावे ऐकायला येतात नाहीतर "हा काय, खडू आहे" म्हणून लोक मोकळे होतात. माझ्या मते माल अतिशय चांगला आहे, फक्त तो पोकळी भरायचा माल आहे, वजन पेलायचा नाही, आणि हे ज्याला कळलं त्याला रिझल्ट छान मिळतात.

हाडाच्या वजनातला साधारण दोन तृतीयांश भाग खनिज असतो आणि ते खनिज म्हणजे अ‍ॅपॅटाइटचाच एक प्रकार, थोडं कार्बोनेट मिसळलेला आणि अगदी बारीक कणांचा. त्यामुळे हे सिरॅमिक आत गेलं की शरीर त्याला परकं समजून भोवती जाड आवरण करत बसत नाही, नवीन हाड थेट त्याला चिकटून वाढतं. कल्पना तशी जुनीच, १९२० मध्ये फ्रेड अल्बी या अमेरिकन सर्जननं कॅल्शियम फॉस्फेट हाडाच्या तुटीत वापरून बघितलं होतं, पण भट्टीत हजार अंशाच्या वर भाजून केलेलं आजच्यासारखं सिरॅमिक वापरात यायला १९७० चं दशक उजाडलं.

आता मिक्स्चरच का, नुसतं एचए किंवा नुसतं टीसीपी का नको? तर एचए जवळजवळ विरघळतच नाही, वर्षानुवर्षं तसंच राहतं, एक्सरेत दिसत राहतं, आणि इतका दगड आत पडून राहिला की नवीन हाडाला आपली ठेवण बदलायला जागा मिळत नाही. टीसीपीचं उलट, ते विरघळतं पण आणि ऑस्टिओक्लास्ट (जुनं हाड खाऊन काढणाऱ्या) पेशी ते खातात पण, साधारण सहा महिने ते दोन वर्षांत ते जातं, आणि कधीकधी हाड भरायच्या आधीच जातं मग मध्ये गॅप उरतो. दोन्ही एकत्र केलं की टीसीपी हळूहळू जागा सोडत जातं, तिथेच कॅल्शियम आणि फॉस्फेट सोडतं, आणि एचए तोवर परांचीसारखं उभं राहतं. ६०-४० हे प्रमाण मला बहुतेक ठिकाणी बरोबर वाटतं, लवकर विरघळायला हवं असेल तर टीसीपी जास्त असलेलं घ्या.

पण खरं सांगू का, प्रमाणापेक्षा छिद्रं महत्त्वाची आहेत आणि बॉक्सवर त्याबद्दल फारच कमी लिहिलेलं असतं. "७० टक्के पोरॉसिटी" (म्हणजे दाण्यातली मोकळी जागा) एवढं वाचून काही कळत नाही, छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत का ते महत्त्वाचं, बंद छिद्रात ना रक्तवाहिनी जाणार ना पेशी. मोठी छिद्रं १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर हवीत, ३०० ते ५०० असतील तर उत्तम, आणि त्यांच्या भिंतीत १० मायक्रॉनपेक्षा लहान छिद्रं पण हवीत कारण द्रव आत ओढून घेण्याचं काम ती करतात. चांगल्या दाण्यावर पेशंटच्या रक्ताचा थेंब टाकला की तो क्षणात आत जातो, अख्खा दाणा आतपर्यंत लाल होतो. वाईट दाण्यावरून थेंब घसरतो, दाणा वरून ओला आणि मोडला की आत पांढराच. ही टेस्ट मी नवीन कंपनीचा माल आला की करतोच. शिवाय आयएसओ १३१७५-३ हे एचए आणि टीसीपीच्या बोन सब्स्टिट्यूटसाठीचंच स्टँडर्ड आहे, त्याचा उल्लेख आहे का ते बघा, आणि एक्सरे डिफ्रॅक्शनचा (दाण्यात एचए आणि टीसीपी खरंच किती आहे ते दाखवणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट मागा, देणारे देतात.

ताकदीचं बोलायचं तर इथं हा माल कच्चा आहे. बाहेरचं कडक हाड दाबाखाली १०० ते २०० मेगापास्कल सहन करतं, हे सच्छिद्र सिरॅमिक जेमतेम काही मेगापास्कल, म्हणजे आतल्या जाळीदार हाडाएवढं, आणि वाकवलं किंवा ओढलं तर तेवढंही नाही. चिमट्यात जरा जोरात धरला की दाणा कट्कन फुटतो. म्हणून गुडघ्याखाली सांध्याचा पृष्ठभाग दबून फ्रॅक्चर झालं असेल तर तो वर उचलायचा, खालच्या पोकळीत हे दाणे भरायचे आणि वजन प्लेट-स्क्रूवर द्यायचं, या कामाला पैकीच्या पैकी मार्क. हाडातली गाठ खरवडून काढल्यावरची पोकळी, तिथेही मस्त. पण लांब हाडाचा मोठा तुकडाच गेलाय आणि तिथं नुसतं हे भरून मोकळं व्हायचंय, तर कृपया नको. पू असलेल्या जागी तर साधे दाणे अजिबात नको.

भरताना ठोकून ठोकून गच्च भरू नका. दाण्यांचा भुगा होतो, बारीक भुग्यानं सूज वाढते आणि दाण्यांच्या मधली जागा बंद होऊन रक्तच आत जात नाही. हलक्या हातानं भरा, बोन मॅरो काढून त्यात भिजवलं तर आणखी चांगलं, कारण या दाण्यांमध्ये स्वतःच्या पेशी काही नसतात. माहितीपत्रकात "हाड तयार करतं" असं छापलेलं असतं त्यावर मला राग येतो, हाड पेशंटचं शरीर तयार करतं, हे त्याला चढायला आधार देतं. बारीक छिद्रांच्या काही सिरॅमिकवर प्राण्यांच्या स्नायूत हाड उगवलेलं दिसलंय हे खरं, पण ऑपरेशन टेबलवर त्या भरवशावर राहता येत नाही. पेशंटचं स्वतःचं कमरेचं हाड आजही वरचढच आहे, फक्त ते काढलेल्या जागी बरेच दिवस दुखतं आणि मिळतं ते पण मोजकंच. लहान पोकळीसाठी तो त्रास कशाला द्यायचा, इथं हे दाणे खरंच उपकार करतात.

पेशंट आणि ज्युनियर डॉक्टर दोघांसाठी एक सांगतो, दुसऱ्या दिवशीचा एक्सरे बघून हाड भरलं असं समजू नका. दाणे स्वतःच एक्सरेत पांढरे दिसतात. आधी प्रत्येक दाण्याची कड वेगळी आणि ठसठशीत दिसते, काही महिन्यांनी ती कड पुसट होऊन आजूबाजूच्या हाडात मिसळायला लागली की काम चालू आहे असं समजायचं, शंका असेल तर सीटी करा. एचए वाला भाग नंतरही बराच काळ पांढरा दिसणार, त्याला घाबरायचं कारण नाही, ते काढावं लागत नाही.

एकूण ५ पैकी ४ स्टार, एक कापला तो बॉक्सवर छिद्रांची माहिती न देण्याबद्दल. घेताना जबड्याच्या कामाला ०.५ ते १ मिलिमीटरचे दाणे घ्या, मोठ्या पोकळीला २ ते ४ चे, आणि दोन साइज मिसळून भरायचे असतील तर बारीक कमी ठेवा, नाहीतर ते मोठ्यांच्या मधल्या फटीच बुजवून टाकतात.