मुरमावरचे दोन दिवस : रॅलीच्या एका प्रशिक्षण वर्गाचे परीक्षण

मोटार रॅलीत उतरू इच्छिणारा माणूस बहुधा गाडीपासून सुरुवात करतो. जुनी जिप्सी किंवा एस्टीम शोधायची, तिचे सस्पेन्शन बदलायचे, सायलेन्सरचा आवाज वाढवायचा आणि मग आपल्याला कोणती स्पर्धा घेईल याची चौकशी करायची, हा क्रम मीही जवळजवळ पाळला होता. जिप्सीचा इसारा देण्याच्या आदल्या आठवड्यात एका जुन्या स्पर्धकाने मला अडवले आणि आधी एखादा वर्ग करून पाहा, असे सांगितले. त्यानुसार गेल्या नोव्हेंबरात मी आणि माझी धाकटी बहीण अशा दोघांनी पुण्यापासून दोन-अडीच तासांवर एका खासगी माळावर भरणाऱ्या दोन दिवसांच्या वर्गात नाव घातले. शुल्क माणशी १४,००० रुपये होते आणि गाडी, इंधन, टायर व दुपारचे जेवण त्यातच धरलेले होते. असे वर्ग आपल्याकडे मोजकेच आहेत आणि पुढे माझ्या तक्रारीही येणार आहेत, म्हणून वर्गाचे नाव देत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी दीड तास गाडी सुरूच झाली नाही, आणि तो दीड तास मला या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटतो. पाठ आसनाला पूर्ण टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आले पाहिजे, क्लच तळाशी दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, या दोन कसोट्यांवर आठही विद्यार्थ्यांची बैठक एकेक करून तपासण्यात आली. मी बावीस वर्षे गाडी चालवतो आहे आणि बावीस वर्षे आसन चार बोटे मागे ठेवून चालवत होतो, हे त्या दिवशी कळले.

त्यानंतर प्रशिक्षकांनी अर्धी भरलेली पाण्याची बाटली डॅशबोर्डवर आडवी बांधली आणि आम्हाला तिच्याकडे पाहण्यास सांगून स्वतः गाडी चालवली. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की पाणी पुढे धावते, दाबला की मागे सरते. गाडीचे वजनही असेच सरकते आणि ज्या चाकांवर वजन त्या चाकांना पकड, एवढा एकच नियम त्यांनी दिवसभर निरनिराळ्या तऱ्हेने गिरवून घेतला. वळणाआधी पाय उचलून पुढच्या चाकांवर वजन आणायचे, गाडी वळू लागली की पुन्हा हलकेच ॲक्सिलरेटर द्यायचा आणि पुढच्या चाकांनी गाडी ओढून काढायची, हे ऐकायला सोपे आहे. परंतु मुरमावर गाडीची शेपटी सुटू लागताच पाय आपोआप ब्रेककडे जातो आणि ती सवय मोडण्यातच पहिली दुपार गेली.

ब्रेकचा प्रयोग मात्र मी इतरत्र कुठे पाहिलेला नव्हता. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके फिरायची थांबू न देणारी यंत्रणा, असलेली स्विफ्ट आणि एबीएस नसलेली जुनी एस्टीम एकाच खुणेपासून, ताशी ५० किलोमीटर वेगाने येऊन, पूर्ण ब्रेक दाबून थांबवायची होती. सुट्या मुरमावर एस्टीमची चाके अडकली, त्यांच्यापुढे मुरमाचा ढीग साचला आणि त्या ढिगानेच गाडी धरली; स्विफ्टची चाके एबीएसने अडकू दिली नाहीत, ढीग साचला नाही आणि ती दीड गाडी पुढे जाऊन थांबली. अडकलेल्या चाकांनी गाडी वळवता येत नाही ही दुसरी बाजूही लगेच दाखवली गेली, तीही एस्टीमच्या वाटेत प्लास्टिकचा कोन ठेवून आणि तो माझ्याकडून चिरडून घेऊन.

हँडब्रेकच्या वळणात मी तो अर्धा क्षण आधीच ओढला आणि गाडी पूर्ण फिरून आलो त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. चूक माझीच होती. धुरळा खाली बसेपर्यंत शेजारी बसलेली बहीण काही बोलली नाही. नंतर तिने शांतपणे विचारले की आता घरी जायचे आहे का.

आता तक्रारी सांगतो. रॅली दोघांची असते, डाव्या आसनावर बसून रस्ता व वेळ सांगणाऱ्या नॅव्हिगेटरवाचून तिला अर्थ नाही. असे असताना पहिल्या दिवसाचा बराच वेळ नॅव्हिगेटर म्हणून आलेल्या चौघांना पत्र्याच्या शेडमध्ये खुर्च्यांवर बसवून ठेवण्यात आले होते. माझी बहीण सनदी लेखापाल आहे, आकडेमोडीसाठीच ती आली होती, आणि तिने भरलेले शुल्क माझ्याएवढेच होते. दुसऱ्या दिवशी रोड बुक, म्हणजे मार्गातील खुणा व अंतरे दिलेली पुस्तिका, आणि वेळेचे गणित यांसाठी जेमतेम दीड तास मिळाला, तोही चांगला शिकवला गेला म्हणून अधिक हळहळ वाटली.

नवशिक्याची खरी सुरुवात टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅलीपासूनच होते. तिथे सर्वांत वेगवान गाडी जिंकत नाही. वेळ, वेग व अंतर यांचा मेळ जो अचूक राखतो तो जिंकतो. सरासरी ताशी ३६ किलोमीटर दिली असेल तर मिनिटाला ६०० मीटर, म्हणजे ४.२ किलोमीटरवरच्या खुणेला बरोबर सातव्या मिनिटाला पोहोचायचे, आणि या वेगाला एका सेकंदाची चूक म्हणजे दहा मीटरची चूक. वेळ नोंदवणारा मार्शल कुठे उभा असेल हे आधी कळत नाही, आणि अनेक स्पर्धांत लवकर पोहोचण्याचा दंड उशिराच्या दुप्पट असतो. त्याहून आधीची पायरी म्हणजे स्वतःच्या गाडीच्या अंतर मोजणाऱ्या मीटरची चूक ओळखणे. रोड बुकातील १०.०० किलोमीटरच्या खुणेला आमच्या मीटरवर १०.३० दिसत होते. ही तफावत धरली नसती तर ६० किलोमीटरच्या अखेरीस आम्ही १.८ किलोमीटरने चुकलो असतो. बहिणीने हे प्रमाण काढून चिकटपट्टीवर लिहिले आणि काचेखाली लावले, तेव्हा कुठे प्रशिक्षकांचे लक्ष तिच्याकडे गेले.

पेस नोट्सना, म्हणजे चालकाला पुढची वळणे वाचून सांगण्यासाठीच्या टिपणांना, अर्धाच तास होता. वळणांना १ ते ६ आकडे द्यायचे, येथे शिकवलेल्या पद्धतीत १ सर्वांत अवघड आणि ६ जवळजवळ सरळ, हे कळले. पण ‘लेफ्ट थ्री, हंड्रेड, राइट फाइव्ह’ हे योग्य क्षणी, म्हणजे चालकाला ऐकून कृती करता येईल इतके आधी म्हणायला शिकणे अर्ध्या तासात होत नाही. इटलीतील १९५५ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी बसलेल्या डेनिस जेन्किन्सन यांनी कागदाच्या गुंडाळीवर उतरवलेला रस्ता हातवाऱ्यांनी सांगितला आणि ती जोडी १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत जिंकली, ही गोष्ट प्रशिक्षकांनी रंगवून सांगितली. गुंडाळी कशी लिहायची ते मात्र राहूनच गेले.

सुरक्षिततेचे सत्र गंभीरपणे घेतले गेले. २०१९ मध्ये राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय अजिंक्यपद रॅलीच्या बंद केलेल्या मार्गावर मोटरसायकल शिरली आणि एकाच कुटुंबातील तिघांचा बळी गेला. त्या घटनेवरून मार्शल, अडथळे आणि चालकाची जबाबदारी यांवर तासभर चर्चा झाली. रस्त्यावर चालणारे आयएसआय हेल्मेट वेगाच्या स्पर्धेत का चालत नाही, हेल्मेटला जोडायचे हान्स हे उपकरण मानेला काय देते, आसनाच्या सुरक्षा पट्ट्यांवर छापलेले मुदतीचे वर्ष का पाहायचे, हे सर्व प्रत्यक्ष वस्तू हातात देऊन समजावले. वर्गाची स्वतःची हेल्मेटे मात्र एकाच मापाची होती आणि दुपारी तिसऱ्या माणसाच्या डोक्यावर जाताना आतले अस्तर घामाने ओले झालेले असे. हेल्मेटखाली घालायची स्वतःची सुती टोपी, म्हणजे बालाक्लाव्हा, न्यावी.

शेवटच्या तासाला भारतीय रॅलीचालक गौरव गिल यांच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्यांनी २०१३, २०१६ व २०१७ मध्ये आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद मिळवले, २०१९ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, हे सर्व अभिमानास्पद आहे. परंतु एफएमएससीआय या भारतातील मोटरस्पोर्ट महासंघाचा परवाना कसा काढायचा, नाशिकसारख्या रॅलीची परंपरा असलेल्या शहरांतील क्लबांशी संपर्क कसा साधायचा, वर्षाला साधारण किती खर्च येतो, या प्रश्नांची उत्तरे मला चहाच्या टपरीवर इतर विद्यार्थ्यांकडून मिळाली.

एवढे असूनही चालकाच्या आसनासाठी हे शुल्क रास्त आहे, असे माझे मत आहे. तेवढ्या पैशांत जिप्सीचे चार चांगले टायरही येत नाहीत. नॅव्हिगेटर म्हणून जाणाऱ्याने मात्र पैसे भरण्यापूर्वी रोड बुकाला किती तास आहेत हे विचारून घ्यावे आणि उत्तर लेखी मागावे. आम्ही जिप्सीचा इसारा दिला नाही. जानेवारीतल्या एका टीएसडीसाठी घरच्याच गाडीचे नाव नोंदवले आहे, तिच्या मीटरची तफावत २.१ टक्के निघाली आहे आणि बहिणीने ती चिकटपट्टीवर लिहूनही ठेवली आहे.