प्रॅग्मा पॅक, अ‍ॅट्रिब्यूट पॅक्ड की नुसता फील्डचा क्रम बदलायचा?

सातपूरचा एक ओळखीचा मुलगा दिंडोरीकडच्या द्राक्षबागेसाठी हवामानाचा नोड (मोजमापं घेऊन रेडिओवरून पाठवणारं छोटं यंत्र) बनवतोय. सी भाषेतल्या स्ट्रक्चरमधले (फील्डचा एकत्र बांधलेला गट) रिकामे बाइट कसे घालवायचे, असं त्याने विचारलं म्हणून लिहितोय. त्याच्या स्ट्रक्चरमध्ये क्रमाने १ बाइट प्रकार, ४ बाइट वेळ, २ बाइट तापमान. बेरीज ७, पण साइझऑफ (एकूण किती बाइट लागतात ते सांगणारं) दाखवतं १२, कारण वेळ ४ च्या पटीतल्या पत्त्यावर बसावी म्हणून कंपायलर मधे ३ बाइट रिकामे सोडतो आणि शेवटी अजून २.

नुसती रॅम वाचवायची असेल तर पॅकच्या डायरेक्टिव्हच्या (मधे रिकामे बाइट सोडू नको, या कंपायलरला दिलेल्या सूचनेच्या) नादी लागूच नका. मोठं फील्ड वर, लहान खाली केलं की १२ चे ८ होतात.

पण रेडिओवरून फ्रेम (एका वेळी जाणारा डेटाचा तुकडा) पाठवायची तर ७ म्हणजे ७च पाहिजेत, तिथे पॅक लागतं. प्रॅग्मा पॅक मायक्रोसॉफ्टचा कंपायलर, जीसीसी, क्लँग तिघांनाही कळतं, म्हणजे विंडोजवरचं सॉफ्टवेअर तीच हेडर (स्ट्रक्चरची व्याख्या असलेली सामायिक फाइल) वापरणार असेल तर हेच घ्या. फक्त ते लिहिल्या ओळीपासून पुढच्या सगळ्याला लागू होतं, मी एकदा हेडरमध्ये पुश करून (पॅक चालू करून) पॉप (परत आधीसारखं करणं) विसरलो आणि त्याच्यानंतर इन्क्लूड झालेली स्ट्रक्चरंही पॅक झाली, एका फाइलला साइझ वेगळा दिसतोय दुसरीला वेगळा, दोन रात्री गेल्या त्यात. अ‍ॅट्रिब्यूट पॅक्ड त्या एकाच स्ट्रक्चरला चिकटतं, बाहेर सांडत नाही, पण मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला ते कळत नाही. सी११ मधलं अलाइनअ‍ॅज यात धरूच नका, ते अलाइनमेंट (पत्ता कितीच्या पटीत हवा ते) वाढवतं, कमी करत नाही, डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता डेटा हलवणारं हार्डवेअर) बफरला कामाचं.

खरी भीती दोन्हीत एकच आहे. फील्ड थेट वाचलं तर कंपायलर सांभाळून घेतो, पण त्या ४ बाइटच्या वेळेचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) काढून दुसऱ्या फंक्शनला दिला की तिथे त्याला वाटतं पत्ता नीट आहे, आणि कॉर्टेक्स एम० (अशा नोडमधला छोटा प्रोसेसर) सरळ हार्डफॉल्टमध्ये (गंभीर चूक होऊन काम थांबणं) जातो. इंटेलच्या पीसीवर बहुतेक वेळा तेच बिनबोभाट चालतं, म्हणून टेबलावर टेस्ट पास आणि बागेत नोड गप्प. जीसीसी ९ पासून याची वॉर्निंग आपोआप येते, ती बंद करू नका, मेमकॉपीने (बाइट जसेच्या तसे कॉपी करणारं फंक्शन) साध्या व्हेरिएबलमध्ये घ्या.

त्याच्या नोडला नि लिनक्स गेटवेला (नोडचा डेटा घेणारा संगणक) दोन्हीकडे जीसीसीच आहे, तर मी अ‍ॅट्रिब्यूटच सांगितलं, फक्त फ्रेमपुरतं, आतल्या हिशोबाला साधं स्ट्रक्चर, आणि खाली स्टॅटिक असर्ट साइझ ७ चा (७ नसेल तर कंपाइलच होऊ न देणारी तपासणी).